किंकाळी म्हणजे भूमिका नव्हे

एप्रिलमध्ये जयंतीनिमित्त आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात पोरांनी एक छोटे चित्रप्रदर्शन भरवले होते. त्यातले एक चित्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. मॅनहोलमधून अर्धा वर आलेला एक कामगार. चेहरा हिरवट-काळा, तोंड सताड उघडे आणि दोन्ही हात धडापेक्षा मोठे. खाली चित्राचे नाव होते, ‘माणूस’. चित्र काढणारा पोरगा कुठल्या कला महाविद्यालयात गेलेला नाही. दिवसा फ्लेक्सच्या दुकानात काम करतो, रात्री चित्रे काढतो.

पाहुणे म्हणून आलेले एक अभ्यासू गृहस्थ त्या चित्रापुढे थांबले. म्हणाले, “भावना तीव्र आहे, पण शरीराची प्रमाणं चुकली आहेत. नुसता आक्रोश झालाय. आक्रोशाची कला व्हायला वेळ लागतो.” पोरगा गप्प झाला. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलता उचलता मला म्हणाला, “दादा, हात लहान करू का?”

मित्रांनो, हा लेख त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे. आपल्या कवितेला, गाण्याला, चित्राला ‘नुसता आक्रोश’ म्हणून बाजूला सारणारे लोक आपण खूप पाहिलेत. त्यांना उत्तर द्यायला आपण बहुतेक वेळा रागाने उठतो. राग रास्त आहे, पण रागाबरोबर इतिहासही हातात असला पाहिजे. जगाच्या कलेच्या इतिहासात एक अख्खी चळवळ किंकाळीवर उभी राहिली होती. तिचे नाव अभिव्यक्तिवाद, म्हणजे एक्स्प्रेशनिझम. तिचे मुख्य घर जर्मनी आणि ऑस्ट्रिया. तिचा भराचा काळ साधारण १९०५ ते १९२५. ती चित्रात होती, नाटकात होती, सिनेमात होती, संगीतातही होती. तिच्याकडून आपल्याला दोन गोष्टी शिकायच्या आहेत. पहिली त्या पाहुण्यांना सांगण्यासारखी आहे. दुसरी त्या पोराला, आणि खरे तर आपल्या सगळ्यांनाच.

प्रमाण मोडणे म्हणजे प्रमाण न येणे नव्हे

एडवर्ड मुंक हा नॉर्वेचा चित्रकार. त्याची ‘किंकाळी’ १८९३ ची. पुलावर उभी असलेली, कवटीसारख्या चेहऱ्याची, कानांवर हात धरलेली ती आकृती आज मोबाइलच्या इमोजीपर्यंत पोहोचली आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८९२ मध्ये, बर्लिनच्या कलावंत संघाने मुंकला बोलावून भरवलेले त्याचे प्रदर्शन आठवड्याभरात बंद केले होते. कारण काय? ही चित्रे अर्धवट आहेत, ही कला नव्हे. त्याच ‘किंकाळी’ची एक खडूत रंगवलेली प्रत २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात जवळपास बारा कोटी डॉलरला गेली. चित्रातले प्रमाण मधल्या काळात सुधारले नव्हते. बदलली ती पाहणाऱ्यांची नजर आणि मालकांची ऐपत.

१९०५ मध्ये ड्रेस्डेन शहरात वास्तुशास्त्र शिकणाऱ्या चार तरुणांनी एक गट काढला. किर्शनर, हेकेल, श्मिट-रोटलुफ आणि ब्लाइल. गटाचे नाव ठेवले ‘ब्रुके’, म्हणजे पूल. इमारतीचे काटेकोर आराखडे काढायला शिकलेली ही पोरे. प्रमाण, कोन, माप यांना येत नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. पुढे १९११ मध्ये म्युनिकला कांडिन्स्की, फ्रान्झ मार्क, गाब्रिएले म्युंटर यांच्याभोवती ‘निळा घोडेस्वार’ हा दुसरा गट जमला. त्यांच्या आधीच्या दृक्‌प्रत्ययवाद्यांनी, म्हणजे इम्प्रेशनिस्टांनी, बाहेरचा प्रकाश डोळ्यावर कसा पडतो ते रंगवले होते. यांनी दिशा उलटी केली. आत जे कोंडले आहे ते बाहेरच्या जगावर फेकायचे. मग झाड निळे होईल, घोडा लाल होईल, रस्ता वाकडा होईल, चेहरा हिरवा होईल.

यातले एकच चित्र पुरावा म्हणून पुरेसे आहे. १९१५ मध्ये किर्शनर सैन्यात गेला आणि काही महिन्यांतच मनाने कोसळला. त्या वर्षी त्याने स्वतःचे एक चित्र काढले. अंगावर गणवेश, डोळे रिकामे आणि उजवा हात मनगटापासून तुटलेला. प्रत्यक्षात त्याचा हात तुटला नव्हता. तो शाबूत होता, त्याच हाताने तो हे चित्र रंगवत होता. पण युद्ध आपल्यातला चित्रकार कापून टाकणार ही भीती त्याला सांगायची होती. आता पाहुण्यांनी सांगावे, त्या चित्रात शरीराची प्रमाणे चुकली आहेत का? तो हात नीट काढला असता तर ते चित्र बरोबर ठरले असते आणि खोटे झाले असते.

म्हणून पहिले उत्तर सरळ आहे. नाही भावा, हात लहान करायचे नाहीत. जो माणूस दिवसभर हातानेच जगतो आणि ज्याच्या हाताखेरीज व्यवस्थेला त्याचे काहीच दिसत नाही, त्याचे हात धडापेक्षा मोठेच असणार.

कॅथे कोल्विट्झचे काम पाहा

या चळवळीच्या कुठल्याच गटात नसलेली, पण तिच्याशी कायम जोडून पाहिली जाणारी एक बाई आहे. कॅथे कोल्विट्झ. नवरा डॉक्टर, बर्लिनच्या कामगार वस्तीत दवाखाना. दारात रोज उभी राहणारी खंगलेली बायामाणसे हेच तिचे विषय. विणकरांच्या उठावावरची तिची चित्रमालिका १८९८ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. परीक्षकांनी तिला सुवर्णपदक द्यावे अशी शिफारस केली आणि सम्राट विल्हेल्मने ती फेटाळली.

१९१४ च्या ऑक्टोबरमध्ये तिचा धाकटा मुलगा पेटर युद्धात मारला गेला. त्यानंतर तिने केलेली कामे, आयांनी पोरांभोवती धरलेले कडे, आईबापाचे गुडघे टेकलेले देह, ही कुठल्या कलादालनासाठी नव्हती. तिने बरेच काम लाकडी ठशांत आणि छापचित्रांत केले. तैलचित्र एक असते आणि श्रीमंताच्या भिंतीवर जाते. ठसा एकदा कोरला की त्याच्या शेकडो प्रती निघतात. त्या पत्रकावर, भिंतीवर, सभेत पोहोचतात. तिच्या किंकाळीला पत्ता होता. कोण ओरडते आहे, कोणामुळे ओरडते आहे आणि कोणाला ऐकू जायला हवे, हे तिन्ही तिच्या कामात दिसते. हे लक्षात ठेवा, कारण आता आपण अशा कलावंतांकडे जाणार आहोत ज्यांच्या किंकाळीला पत्ताच नव्हता.

‘माणूस’ म्हणजे कोणता माणूस?

अभिव्यक्तिवादी नाटकात पात्रांना बहुधा नावे नसतात. पिता, पुत्र, कॅशियर, इंजिनिअर, बाई, अनामिक. मंचावर घर, फर्निचर, खिडकी असे काही नाही. अंधार, एक झोत आणि त्यात उभा राहून ओरडणारा एक माणूस. संवाद तुटक, तारेच्या भाषेसारखे. हेतू मोठा होता. एका माणसाची नव्हे, सगळ्या मानवजातीची वेदना दाखवायची.

पण नाव काढून घेतले की आणखी काय काय निघून जाते? पगार निघून जातो, वस्ती निघून जाते, मालक निघून जातो. उरतो तो एक मोठ्या अक्षरातला ‘माणूस’. हासेनक्लेव्हरच्या ‘पुत्र’ या नाटकात मुलगा बापाविरुद्ध पिस्तूल उचलतो, आणि एक अख्खी तरुण पिढी त्या नाटकाने भारावली होती. पण तो मुलगा खात्यापित्या घरातला आहे. त्याचे बंड घरातल्या हुकूमशहाशी आहे. घर ज्या पैशावर चालते त्याच्याशी नाही. आपल्या घरांतल्या बहुतेक बापांकडे हुकूम गाजवण्याइतकी सत्ताच नव्हती. त्यामुळे ‘सगळ्या जगाच्या पुत्रांचे’ हे बंड खरोखर किती जणांचे होते, हा प्रश्न आपल्याला लगेच पडतो.

गेऑर्ग कायझरने हा प्रश्न थोडा पुढे नेला. त्याच्या १९१८ च्या ‘गॅस’ नाटकात कारखान्यात स्फोट होतो, कामगार मरतात. मालक स्वतः म्हणतो की आता कारखाना पुन्हा उभारायचा नाही, सगळ्यांना जमीन देतो, मोकळे जगा. पण इंजिनिअर भाषण करतो आणि कामगार त्याच्या मागे पुन्हा कारखान्यात जातात. नाटक जबरदस्त आहे. पण त्यात कामगारांना स्वतःचे डोके नाही. ते आधी एकाच्या मागे जातात, मग दुसऱ्याच्या.

एर्न्स्ट टोलर मात्र वेगळा निघाला. तो १९१९ च्या म्युनिकमधल्या अल्पजीवी क्रांतिकारी सरकारचा एक नेता होता. ते सरकार चिरडले गेले आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात त्याने ‘जनसमूह आणि माणूस’ हे नाटक लिहिले. त्यातली बाई संपात उतरलेली आहे, पण माणूस मारायला तिचा नकार आहे. तिच्यासमोरचा ‘अनामिक’ म्हणतो की जनतेच्या हितापुढे एका जिवाची किंमत काय. शेवटी तिला तुरुंगातून पळायची संधी येते. पण त्यासाठी एका पहारेकऱ्याचा जीव घ्यावा लागणार असतो. ती पळत नाही. हा वाद टोलरने पुस्तकातून उचललेला नव्हता. तो त्याने रस्त्यावर भोगलेला होता. म्हणून इथे पात्रांना नावे नसली तरी प्रश्नाला पत्ता आहे.

आरोप करणारा वेडा, आणि डोके-हातांची जुनी गोष्ट

सिनेमात ही चळवळ १९२० मध्ये ‘डॉक्टर कॅलिगारीची खोली’ या मूकपटाने गाजली. दिग्दर्शक रोबेर्ट वीने. भिंती तिरप्या, खिडक्या वेड्यावाकड्या, सावल्यासुद्धा कापडावर रंगवलेल्या. कॅलिगारी नावाचा जत्रेतला माणूस झोपेत चालणाऱ्या एका तरुणाकडून खून करवतो. पुढे कळते की हा कॅलिगारी म्हणजे वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख आहे. म्हणजे सत्तेच्या खुर्चीवर बसलेलाच खुनी आहे आणि सामान्य माणसाला झोपेत ठेवून त्याच्याच हातांनी तो खून करवतो. महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाला याचा अर्थ वेगळा सांगायची गरज नव्हती.

पण शेवटी सिनेमा कोलांटी घेतो. ही सगळी गोष्ट सांगणारा तरुणच त्या इस्पितळातला रुग्ण निघतो आणि प्रमुख हा सज्जन डॉक्टर ठरतो. सिग्फ्रीड क्राकाउअर या अभ्यासकाने १९४७ मध्ये मांडले की या चौकटीने एका बंडखोर कथेचे दात काढले. पुढे मूळ पटकथा सापडली तेव्हा तिच्यातही एक वेगळी चौकट असल्याचे दिसले, म्हणून सगळा दोष नंतरच्या बदलावर टाकता येत नाही. पण पडद्यावर जे उरले ते उरलेच. सत्तेवर आरोप करणाऱ्याला वेडा ठरवले की आरोप तपासायची गरज उरत नाही. आपल्यापैकी ज्यांनी कधी अत्याचाराची तक्रार घेऊन चावडीपासून पोलीस चौकीपर्यंत खेटे घातले आहेत, त्यांना ही युक्ती जर्मनीत जाऊन शिकावी लागत नाही.

आता ‘मेट्रोपोलिस’. १९२७, दिग्दर्शक फ्रिट्झ लांग, लेखिका थेआ फॉन हार्बाऊ. वर गगनचुंबी शहर, खाली जमिनीच्या पोटात यंत्रांवर राबणारे कामगार. पाळी बदलताना माना खाली घालून एका तालात चालणाऱ्या त्या दोन रांगा जगाच्या सिनेमात अजरामर झाल्या, आणि ते योग्यच आहे. श्रमाने माणसाचे काय होते हे इतक्या कमी वेळात क्वचितच कोणी दाखवले असेल.

पण सिनेमा सांगतो काय? मालक म्हणजे डोके, कामगार म्हणजे हात, आणि दोघांना जोडायला हवे हृदय. हे हृदय कोण? मालकाचाच मुलगा. शेवटी तो कामगारांच्या मुकादमाचा हात आपल्या बापाच्या हातात देतो आणि सगळे गोड होते. मधल्या भागात कामगार उठाव करतात, पण तो उठाव एका यंत्रबाईने भडकवलेला आणि त्यांच्याच पोरांना पुरात लोटणारा दाखवला आहे. बंड म्हणजे फसवणूक, समेट म्हणजे शहाणपण.

मित्रांनो, समाजाला शरीराची उपमा देणारा कोणी भेटला की आपण सावध होतो. आपल्याकडे ती उपमा फार जुनी आहे. मुख, बाहू, मांड्या, पाय. शरीराच्या उपमेत एक चलाखी दडलेली असते. हाताने डोके व्हायची मागणी केली तर ती वेडगळ वाटते. पाय वर चढायला लागले तर निसर्गाविरुद्ध वाटते. जे माणसांनी लादले ते निसर्गाने दिले असे भासवणे हेच त्या उपमेचे काम. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ही चलाखी उघडी केली. जात ही कामाची सोयीस्कर वाटणी आहे, या युक्तिवादाला त्यांनी दाखवून दिले की इथे कामाबरोबर माणसांचीच वाटणी झाली आहे, आणि तीही उतरंडीने. हा निकष ‘मेट्रोपोलिस’ला लावून पाहा. सिनेमाच्या सुरुवातीला हात हे हात असतात, शेवटीही हात हे हातच राहतात. फक्त आता डोके त्यांच्याशी हस्तांदोलन करते.

थेआ फॉन हार्बाऊचे नाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. बेळगाव भागातले पत्रकार आयी तेंडुलकर बर्लिनमध्ये होते, तेव्हा त्यांच्याशी तिने पुढे लग्न केले. तीच लेखिका नंतर नाझी पक्षाची सदस्य झाली. लांगने १९३३ मध्ये जर्मनी सोडली, आणि पुढे मुलाखतींत त्या डोके-हात-हृदयाच्या तोडग्याबद्दल स्वतःच नापसंती बोलून दाखवली.

न मिटणारा बेसूर

संगीतात हीच गोष्ट फार स्पष्ट दिसते. युरोपच्या शास्त्रीय संगीतात बेसूर, म्हणजे कानाला टोचणारा स्वरमेळ, वर्ज्य नव्हता. अट एवढीच होती की त्याने शेवटी सुरेल मेळात विरघळले पाहिजे. टोच, पण नंतर घरी ये. व्हिएन्नाच्या आर्नोल्ड शोनबर्गने १९०८-०९ च्या सुमारास ही अट मोडली. त्याने बेसुराला बेसूर म्हणूनच उभे राहू दिले. १९०८ मध्ये त्याचे दुसरे तंतुवाद्य-चौकडीवादन पहिल्यांदा झाले तेव्हा सभागृहात गोंधळ माजला.

थोडा विचार करा. आपल्याला समाज काय सांगतो? तक्रार करा, पण शेवटी जुळवून घ्या. कविता जळजळीत लिहा, पण शेवटच्या कडव्यात समरसतेचा सूर लावा. ‘मेट्रोपोलिस’चे ते शेवटचे हस्तांदोलन म्हणजे बेसुराला जबरदस्तीने सुरात ढकलणे आहे. शोनबर्ग म्हणाला की जे मिटलेले नाही ते मिटले असे दाखवायचे नाही.

त्याचा शिष्य अल्बान बेर्ग. त्याचा ‘वोत्सेक’ हा ऑपेरा १९२५ च्या डिसेंबरमध्ये बर्लिनला झाला. मूळ नाटक गेऑर्ग ब्युखनरचे. हा ब्युखनर १८३७ मध्ये तेविसाव्या वर्षी गेला आणि त्याआधी शेतकऱ्यांना उठावासाठी पत्रक लिहिल्यामुळे त्याला पळून जावे लागले होते. वोत्सेक हा गरीब सैनिक. कॅप्टन त्याला सुनावतो की तुला नीतिमत्ता नाही, लग्नाशिवाय पोर काढलेस. वोत्सेक उत्तर देतो की नीतिमत्ता पैसेवाल्यांना परवडते, आमच्यासारख्यांना नाही. डॉक्टर चार नाण्यांसाठी त्याच्या शरीरावर प्रयोग करतो; मूळ नाटकात तर त्याला नुसते वाटाणे खायला घालतो. या सगळ्यांनी मिळून त्याला जिथवर ढकलले आहे, तिथून तो आपल्याच बाईचा खून करतो आणि तळ्यात बुडून मरतो. शेवटी त्यांचे पोर उरते. आई मेली हे त्याला नीट कळतही नाही.

ही किंकाळी कशी बांधली आहे ते पाहा. तीन अंक, प्रत्येकात पाच प्रवेश. दुसरा अंक म्हणजे पाच भागांची एक अख्खी सिम्फनी. मारीच्या खुनाचा प्रवेश एकाच स्वराभोवती रचला आहे, आणि खुनानंतर सगळा वाद्यवृंद तोच एक स्वर वाढवत वाढवत कान फुटेपर्यंत नेतो. ऐकणाऱ्याला ती किंकाळी वाटते. करणाऱ्यासाठी ते वर्षांचे काटेकोर काम आहे. पाहुण्यांनी पोराला सांगितले की आक्रोशाची कला व्हायला वेळ लागतो. हे वाक्य अर्धे खरे आहे. वेळ लागतो, पण तो आक्रोश कमी करायला नाही, आक्रोश नीट बांधायला लागतो.

ज्यांना दुसऱ्यांच्या देवळातली खांबेच दिसली

इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. ‘ब्रुके’च्या तरुणांना स्वतःच्या मध्यमवर्गीय समाजाचा कंटाळा आला होता, तो झटकायला ते वस्तुसंग्रहालयांतल्या आफ्रिकेच्या आणि पॅसिफिक बेटांच्या कोरीव कामाकडे गेले. तेव्हा जर्मनीच्या वसाहती होत्या. त्या वस्तू आल्या कशा, हे उघड आहे. पेखस्टाइन पलाऊ बेटांवर गेला, एमिल नोल्डे १९१३ मध्ये सरकारी वसाहत मोहिमेबरोबर न्यू गिनीला गेला. त्यांना तिथे ‘आदिम’, ‘निर्मळ’ माणूस दिसला. त्या माणसाचे श्रम, त्याच्यावरचे राज्य, त्याचे स्वतःचे मत, हे चित्रात फारसे आले नाही. दुसऱ्याचा चेहरा आपल्या मुक्तीचा मुखवटा म्हणून वापरायचा, हा त्यांचा दोष होता. आज आपल्या वेदनेवर सिनेमे आणि प्रदर्शने करणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारावा लागतो.

एकच शैली, दोन टोकाच्या छावण्या

आता या लेखाचा गाभा. १९३७ च्या १९ जुलैला नाझी सरकारने म्युनिकमध्ये ‘अधःपतित कला’ नावाचे प्रदर्शन उघडले. जर्मनीतल्या ३२ संग्रहालयांतून आणलेल्या सुमारे साडेसहाशे कलाकृती मुद्दाम दाटीवाटीने टांगल्या, भिंतींवर हेटाळणीचे मजकूर लिहिले, जनतेच्या पैशातून हे विकत घेतले असे सांगत किमती लावल्या. म्युनिकमध्ये आणि नंतर इतर शहरांत मिळून वीस लाखांहून जास्त लोकांनी ते पाहिले. किर्शनरची सहाशेहून जास्त कामे संग्रहालयांतून जप्त झाली. १९३८ मध्ये त्याने स्वित्झर्लंडमध्ये आत्महत्या केली. मुंकचीही ८२ चित्रे काढून घेतली. यातली काही पुढे १९३९ मध्ये लुसर्नच्या लिलावात परकीय चलनासाठी विकली. घाण म्हणायचे आणि विकून पैसेही घ्यायचे.

नाझींना प्रमाणबद्ध, निरोगी, ‘शुद्ध’ देह हवे होते. त्यांच्या एका सिद्धांतकाराने १९२८ च्याच पुस्तकात आधुनिक चित्रांतले चेहरे आणि व्याधिग्रस्त माणसांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली होती. एल्फ्रीडे लोहसे-वेख्टलर ही ड्रेस्डेनची चित्रकार. तिला मनोरुग्णालयात ठेवले, १९३५ मध्ये सक्तीने तिची नसबंदी केली, आणि १९४० मध्ये पिर्ना-सोनेनश्टाइनच्या मारण-केंद्रात ठार मारले. चित्रातला वाकडा देह ज्यांना खपला नाही, त्यांना जिवंत माणसाचा वेगळा देहही खपला नाही. म्हणून ‘प्रमाण चुकले’ हे वाक्य दरवेळी निरागस नसते.

इथवर ऐकून कोणी म्हणेल की मग हिशेब सोपा आहे. अभिव्यक्तिवाद म्हणजे फॅसिझमविरोधी कला. थांबा. सगळ्यात जास्त कामे जप्त झाली ती नोल्डेची, १,०५२. आणि हाच नोल्डे १९३४ पासून नाझी पक्षात होता, ज्यूद्वेष्टा होता, जप्तीनंतरही आपण निष्ठावान आहोत असे पटवत राहिला. युद्धानंतर तो छळ झालेला कलावंत म्हणून मिरवला. २०१९ मध्ये बर्लिनच्या एका प्रदर्शनाने त्याची कागदपत्रे लोकांसमोर ठेवली आणि तेव्हा चान्सलर मर्केल यांच्या कार्यालयातून त्याची चित्रे उतरली. हान्स योस्ट हा अभिव्यक्तिवादी नाटककार नाझी लेखक-मंडळाचा अध्यक्ष झाला. कवी गॉटफ्रीड बेन १९३३ मध्ये काही काळ त्यांच्या बाजूने बोलला. तर दुसऱ्या टोकाला टोलर. त्याची पुस्तके जाळली गेली, तो परागंदा झाला आणि १९३९ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या हॉटेलात त्याने जीव दिला. ज्यू असलेल्या शोनबर्गची बर्लिनची नोकरी गेली, तो अमेरिकेला गेला. कोल्विट्झला अकादमी सोडावी लागली.

तीच वाकडी रेघ, तोच भडक रंग, तीच तुटकी भाषा. एक माणूस हिटलरच्या राजवटीला निष्ठा पटवत राहतो, दुसरा हिटलरपासून पळतो. मग फरक कुठे आहे?

परागंदा जर्मन लेखकांनी १९३७-३८ मध्ये मॉस्कोहून निघणाऱ्या ‘दास वोर्ट’ मासिकात नेमक्या याच प्रश्नावर कडाक्याचा वाद घातला. एका बाजूने मांडले गेले की या चळवळीचा शेवट फॅसिझममध्येच होतो. गेऑर्ग लुकाच यांचा आक्षेप होता की हे कलावंत ‘बुर्झ्वा’ला शिव्या देत होते, पण शोषणाची यंत्रणा कशी चालते ते पाहत नव्हते, म्हणून त्यांचे बंड धुक्यात राहिले. एर्न्स्ट ब्लोख यांनी उलट विचारले की मग हिटलर याच कलेला भिंतीवर टांगून थुंकतो का? ब्रेख्टचे म्हणणे असे की वास्तव दाखवायला जुन्या कादंबऱ्यांचाच साचा वापरा असा हुकूम कलावंताला देऊ नका.

माझे मत स्पष्ट सांगतो. निदान लुकाचचे बरोबर आहे, औषध चुकीचे. धुके होते हे खरे. पण दोष वाकड्या रेघेचा नव्हता. रेघ ज्या माणसाच्या हातात होती त्याने बाजू ठरवली नव्हती, हा दोष होता. कुऱ्हाड सरपणही फोडते आणि दारही फोडते. किंकाळी ही शक्ती आहे, भूमिका नाही. भूमिका नसलेली किंकाळी जो आधी उचलेल त्याची होते.

मुंबईपर्यंत आलेली रेघ

हा इतिहास तिकडचा तिकडेच राहिलेला नाही. नाझींच्या छळामुळे देश सोडावे लागलेले काही लोक मुंबईत आले. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लांगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलादिग्दर्शक झाले, रुडॉल्फ फॉन लायडन यांनी कलासमीक्षा लिहिली, इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी चित्रे विकत घेऊन तरुणांना आधार दिला. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्याच्या पाठीशी हे निर्वासित होते. यातले कृष्णाजी आरा लहानपणी मुंबईत आले. घरकाम केले, गाड्या धुतल्या आणि रंगवत राहिले. गाड्या धुणाऱ्या हातातली रेघ ओळखायला आधी स्वतः बेघर झालेली नजर लागली, ही गोष्ट आपल्या शहरातल्या कलाव्यवहाराबद्दल बरेच काही सांगून जाते.

आता त्या पोराशी बोलायचे आहे

पाहुण्यांचा आक्षेप मी फेटाळला. पण माझा एक आक्षेप आहे, आणि तो हातांबद्दल नाही, चित्राच्या नावाबद्दल आहे.

‘माणूस’ हे नाव का? जर्मन नाटककारांनी नाव काढून मोठ्या अक्षरातला ‘माणूस’ ठेवला आणि त्या रिकाम्या जागेत पुढे वाटेल ते भरले गेले. तुझ्या चित्रातला माणूस नुसता माणूस नाही. त्याला गटारात कोणीतरी उतरवले आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवला आहे, तरीही उतरवले आहे. त्याला दोरी कोणी दिली, ठेका कोणाचा होता, आणि हे काम ठरावीक घरांतल्या पोरांच्याच वाट्याला पिढ्यान् पिढ्या का येते? हे सगळे चित्रात रंगवायची गरज नाही. पण चित्र काढणाऱ्याच्या डोक्यात ते स्पष्ट पाहिजे, आणि पाहणाऱ्याला त्याचा माग लागला पाहिजे.

आपल्यातला जो कोणी लिहितो, गातो, रॅप करतो, पथनाट्य करतो, त्याने स्वतःच्या कामाला तीन प्रश्न विचारावेत. इथे कोण ओरडते आहे; मी स्वतः, की मी दुसऱ्याचा चेहरा वापरतो आहे? कोणामुळे ओरडते आहे. नाव घ्यायची माझी तयारी आहे का? आणि शेवटी मी खोटा समेट तर करत नाही ना? या तिन्हींची उत्तरे नीट असतील, तर कोणी आक्रोश म्हटले म्हणून लाजायचे कारण नाही.

आणि सराव कर. बेर्गने एका स्वराची किंकाळी करायला वर्षे घालवली. कोल्विट्झने छापचित्रे करता करता आयुष्य काढले. शिस्त ही प्रस्थापितांची मक्तेदारी नाही. ती आपल्या हातात आली की त्यांना जास्त टोचते.

परवा पोराचा मेसेज आला. हात तसेच ठेवले आहेत. नाव खोडले आहे. नवे अजून सुचलेले नाही म्हणाला. म्हटले, घाई करू नकोस; त्या गल्लीत जाऊन, त्या माणसाच्या घरच्यांशी बोलून ये, मग सुचेल.

जय भीम.